गर्भावस्थेतील गर्भाशयग्रीवेचे बदल

गर्भाशयग्रीवा हा गर्भाशयाचा खालचा, अरुंद, मानेसारखा भाग होय. त्याचे टोक योनिमार्गात किंचित उतरलेले असते. बोलीत त्याला ‘गर्भपिशवीचे तोंड’ म्हणतात. ‘ग्रीवा’ म्हणजे मान. लॅटिन भाषेतील ‘सर्व्हिक्स’ या शब्दाचाही अर्थ तोच आहे. गर्भावस्थेत या लहानशा अवयवाकडे दोन परस्परविरुद्ध कामे असतात. सुमारे नऊ महिने वाढत्या गर्भाचा भार तोलून त्याने दार मिटलेले ठेवायचे आणि प्रसूतीच्या वेळी तेच दार काही तासांत पूर्ण उघडायचे. कळा सुरू झाल्या की हे दार उघडू लागते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याची तयारी गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते. ही तयारी अपुरी असताना कळा आणवल्या, तर प्रसूती रेंगाळते. ती फार लवकर पुरी झाली, तर अपुऱ्या दिवसांचे मूल जन्माला येते.

रचना

एरवी ग्रीवेची लांबी सुमारे ३ सेंमी असते. तिच्या मधून एक अरुंद नलिका जाते. नलिकेचे वरचे, गर्भाशयाकडील तोंड म्हणजे अंतर्मुख आणि योनिमार्गाकडील तोंड म्हणजे बहिर्मुख. गर्भाशयाचा वरचा भाग मुख्यतः स्नायूंचा बनलेला असतो. ग्रीवेत मात्र स्नायूंचे प्रमाण कमी, विशेषतः बहिर्मुखाकडे फारच कमी असते. तिचा बराचसा भाग कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचा असतो. सुंभाचे पेड एकत्र वळून दोरखंड करावा, तसे हे तंतू जुड्यांनी बांधलेले असतात आणि त्यांच्यामधील जागा पाणी व शर्करायुक्त प्रथिने यांनी भरलेली असते. त्यामुळे ग्रीवेचे मिटून राहणे हे स्नायूच्या आवळण्यापेक्षा दोरखंडाच्या घट्टपणावर अधिक अवलंबून असते. पुढील सर्व बदल समजून घेण्यासाठी एवढी गोष्ट ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.

मार्दव

पहिला बदल मार्दवाचा. गर्भधारणेनंतर ग्रीवेचा रक्तपुरवठा वाढतो, ऊतींत पाणी साठते आणि नव्याने तयार होणाऱ्या कोलॅजेन तंतूंमधील आडवे बंध कमी होत जातात. तपासणाऱ्या बोटांना एरवी नाकाच्या शेंड्यासारखी लागणारी ग्रीवा आता ओठांसारखी मऊ लागते. वैद्यकीय विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या हीच उपमा शिकवली जाते, आणि ती चपखल आहे. या मऊपणाला अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ विल्यम गुडेल यांच्या नावावरून ‘गुडेलचे लक्षण’ म्हणतात. वाढलेल्या रक्तपुरवठ्यामुळे ग्रीवेला निळसर-जांभळी छटा येते. ते ‘चॅडविकचे लक्षण’. मूत्रचाचणी व सोनोग्राफी उपलब्ध नव्हती, त्या काळी गर्भावस्था ओळखण्यासाठी वैद्यांना अशाच खुणांचा आधार होता.

ग्रीवा मऊ झाली तरी उघडत नाही. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तिला मिटलेले राखते. तिच्या ग्रंथींतून दाट, चिकट स्राव निर्माण होऊन नलिकेत त्याचे बूच बसते. या बुचात जंतुनाशक द्रव्ये व प्रतिपिंडे असतात, म्हणजे दाराला नुसती कडी नसून पहाराही असतो.

पक्वता

गर्भावस्थेच्या अखेरच्या आठवड्यांत बदलांचा वेग वाढतो. या टप्प्याला ग्रीवेची पक्वता म्हणतात. हायलुरोनन या पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थाचे प्रमाण वाढते, कोलॅजेनच्या जुड्या सैल होऊन विखुरतात आणि दोरखंडाचे पेड सुटे होतात. या कामी प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांचा मोठा वाटा असतो. मेंढीसारख्या काही प्राण्यांत प्रसूतीपूर्वी रक्तातील प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते. मानवी स्त्रीत तसे होत नाही. प्रमाण टिकून राहते, पण ऊती त्याला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. प्रोजेस्टेरॉनचा परिणाम रोखणारे मिफेप्रिस्टोन हे औषध दिल्यास ग्रीवा मऊ होऊन उघडू लागते, यावरून या संप्रेरकाचे महत्त्व दिसते.

नवव्या महिन्यात भरपूर तूप खाल्ल्याने ‘वाट मोकळी होते’ अशी समजूत घरोघरी आढळते. तूप अन्नमार्गात पचते. ग्रीवेशी त्याचा संबंध येत नाही.

आखूड होणे आणि उघडणे

पक्व ग्रीवा अंतर्मुखाकडून वर ओढली जाऊ लागते. नलिका आखूड होत होत शेवटी कागदासारखी पातळ कड उरते. पहिलटकरणीत साधारणपणे ग्रीवा आधी पातळ होते व मग उघडते. आधी बाळंतपण झालेल्या स्त्रीत दोन्ही क्रिया बरोबरीने चालतात. स्रावाचे बूच सुटून रक्तमिश्रित चिकट स्राव जातो. तो प्रसूती जवळ आल्याची खूण असला तरी कळा कधीकधी त्यानंतर काही दिवसांनी सुरू होतात.

प्रसूतीच्या कळांमध्ये गर्भाशयाचा वरचा भाग आकुंचन पावून ग्रीवेला वर खेचतो, तर पाणमोट व बाळाचे डोके तिला आतून दाबतात. मुख १० सेंमी उघडले की ते पूर्ण उघडले असे मानतात. हनुवटी छातीला टेकवलेल्या बाळाच्या डोक्याचा पुढे येणारा व्यास सुमारे ९.५ सेंमी असतो, त्यावरून या आकड्याचा अर्थ लागतो. मुख दर तासाला किमान १ सेंमी उघडलेच पाहिजे, असा दंडक पूर्वी पाळला जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो सर्व स्त्रियांना लावणे अवास्तव ठरवले आणि प्रसूतीचा सक्रिय टप्पा ५ सेंमीपासून मोजावा असे सुचवले. केवळ घड्याळाकडे पाहून होणारे हस्तक्षेप टाळण्याच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे.

पक्वतेचे मोजमाप

एडवर्ड बिशप यांनी १९६४ मध्ये एक गुणांकन पद्धत मांडली. मुख किती उघडले, ग्रीवा किती पातळ झाली, ती किती मऊ आहे, तिची दिशा कोणती आणि बाळाचे डोके किती खाली आले, या पाच बाबींना मिळून ० ते १३ गुण दिले जातात. ८ किंवा अधिक गुण असल्यास कृत्रिमरीत्या आणलेल्या कळांनाही नैसर्गिक कळांइतकेच यश येण्याचा संभव असतो. ६ किंवा कमी गुण असल्यास आधी ग्रीवा पक्व करावी लागते. त्यासाठी प्रोस्टाग्लँडिनयुक्त जेल किंवा गोळ्या वापरतात, अथवा नलिकेतून फुगा घालून तो पाण्याने फुगवतात. पूर्वी सिझेरियन झालेले असल्यास मिसोप्रोस्टॉल हे औषध टाळतात, कारण जुना व्रण उसवून गर्भाशय फाटण्याचा धोका असतो.

अकाली बदल आणि शिरोडकर टाका

काही स्त्रियांत ग्रीवा चौथ्या-पाचव्या महिन्यातच, फारशा वेदना न होता, उघडू लागते. गर्भ निरोगी असूनही हाती राहत नाही, आणि असे एकाहून अधिक वेळा घडू शकते. ग्रीवेवरील पूर्वीची शस्त्रक्रिया किंवा तिची जन्मजात दुर्बलता ही याची काही कारणे होत. अशा स्त्रीला ‘जड काम केलेस म्हणून’ असा दोष देणे शास्त्राला धरून नाही.

या दुखण्यावरील एक महत्त्वाचा उपाय मुंबईत शोधला गेला. मूळचे गोव्याचे व मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) यांनी १९५५ मध्ये ग्रीवेभोवती टाका घालून ती बांधून ठेवण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आरंभी त्यांनी रुग्णाच्याच मांडीतील पातळ, चिवट पडद्याची पट्टी त्यासाठी वापरली. ‘शिरोडकर टाका’ हे नाव आज जगभरच्या प्रसूतिशास्त्राच्या ग्रंथांत आढळते. ऑस्ट्रेलियातील इयान मॅकडोनाल्ड यांनी १९५७ मध्ये याहून सोपी पद्धत दिली आणि तीही सर्वत्र रूढ आहे. टाका बहुधा १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारास घालतात व ३६ ते ३७ आठवड्यांना काढतात.

योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत २४ आठवड्यांपूर्वी ग्रीवेची लांबी २५ मिमीहून कमी भरल्यास अकाली प्रसूतीचा धोका वाढलेला असतो. अशा वेळी योनिमार्गात ठेवावयाच्या प्रोजेस्टेरॉनचा उपयोग होतो. ३७ आठवड्यांपूर्वी ठरावीक अंतराने कळा येणे, पाणी जाणे किंवा अंगावरून रक्त जाणे यांपैकी काहीही झाल्यास विनाविलंब रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

प्रसूतीनंतर

ग्रीवा प्रसूतीनंतर झपाट्याने आवळू लागते. पहिले काही दिवस ती सैल असते. आठवडाअखेर मुखात जेमतेम एक बोट जाईल इतके ते अरुंद होते. कोलॅजेनची बांधणी मात्र पुढील कित्येक आठवडे चालू राहते. योनिमार्गे प्रसूती झालेल्या स्त्रीचे बहिर्मुख पूर्वीसारखे वाटोळे न राहता आडव्या चिरेसारखे दिसते.