मोबाईलमधला डाव आणि भिशीची चिठ्ठी

गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, कर्जाच्या नोंदी लिहून झाल्या, की हल्ली एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे पोरांच्या हातातला मोबाईल. "काय खेळतो ते कळत नाही, पण पैसे जातील अशी धास्ती वाटते," असं बऱ्याच जणी म्हणतात. म्हणून आज मुलांच्या आवडीचा एक खेळ आपण समजून घेणार आहोत आणि खेळ कुठे संपतो, जुगार कुठे सुरू होतो ते पाहणार आहोत.

ही धास्ती खोटी नाही. एका घरात कर्त्या माणसानं मोबाईलवर पत्त्यांच्या डावात पैसे लावले. बायकोनं शिलाई मशीनसाठी गटातून घेतलेलं कर्ज त्यात गेलं. हप्ते थकले ते तिच्या नावावर आणि बैठकीत मान खाली घालून बसावं लागलं तेही तिलाच. ही गोष्ट कानावर आल्यावर दुसऱ्या एका ताईंनी अकरावीतल्या मुलाचा मोबाईल कपाटात कुलूप लावून ठेवला. कारण तो म्हणाला होता, "मी फॅन्टसी गेम खेळतो." प्रत्यक्षात तो मुंग्या-माशांची पलटण उभी करून लुटुपुटीची लढाई खेळत होता. त्यात एक रुपयाही लागलेला नव्हता. मुलाला सांगता येईना आणि आईला कळेना. आठ दिवस घरात अबोला होता.

या खेळाला मुलं तीन शब्द लावतात. फॅन्टसी, रोगलाईक आणि ऑटो-बॅटलर. एकेक शब्द सोडवून घेऊ.

फॅन्टसी म्हणजे कल्पनेतलं जग. आजीच्या गोष्टीतले राक्षस, जादूगार, बोलणारे प्राणी असतात, तसंच. पण हाच शब्द क्रिकेटची टीम लावून पैसे जिंका म्हणणाऱ्या जाहिरातींतही आपण वर्षानुवर्षं ऐकला. शब्द एक, गोष्टी दोन. त्या ताईंचा घोटाळा इथेच झाला.

दुसरा शब्द रोगलाईक. ऐकून दचकू नका, हा आपला रोग नव्हे. इंग्रजीत 'रोग' म्हणजे भामटा किंवा बदमाश. १९८० साली अमेरिकेत कॉलेजच्या पोरांनी या नावाचा एक कॉम्प्युटरचा खेळ बनवला. त्यात दोन गोष्टी ठळक होत्या. प्रत्येक डावाला भुयाराची रचना नवी निघायची, म्हणजे पाठ करून जिंकण्याची सोय नाही. आणि तुमचा गडी मेला की डाव संपला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या वळणाच्या खेळांना रोगलाईक, म्हणजे 'रोगसारखे' खेळ म्हणतात.

तिसरा शब्द ऑटो-बॅटलर, म्हणजे आपोआप लढाई. यात तुम्ही फक्त तयारी करायची. कोण घ्यायचा, कुणाला पुढे उभं करायचं, कुणाला मागे, हे ठरवायचं. लढाई सुरू झाली की हात बाजूला. मांडणी बरोबर असेल तर जिंकाल, नाहीतर हराल. लग्नाच्या स्वयंपाकासारखंच आहे हे. कोण पोळ्यांना, कोण भाजीला, कोण वाढायला, हे आदल्या दिवशी नीट ठरलं तर पंगत सुरळीत उठते. ऐन पंगतीत धावाधाव करून फारसं काही साधत नाही. २०१९ च्या सुरुवातीला चीनमधल्या ड्रोडो स्टुडिओनं 'डोटा ऑटो चेस' हा असा खेळ आणला. आठ खेळाडू, बुद्धिबळासारखा पट आणि त्यावर आपोआप लढणाऱ्या सोंगट्या. तो इतका गाजला की त्याच वर्षी मोठमोठ्या कंपन्यांनी आपापले खेळ काढले.

आता एक डाव प्रत्यक्ष कसा चालतो ते बघू. त्या मुलाचा खेळ होता 'सुपर ऑटो पेट्स'. २०२१ साली आलेला, दिसायला अगदी पोरकट. प्रत्येक फेरीला तुम्हाला १० नाणी मिळतात. ही खेळातली नाणी, खऱ्या पैशांची नव्हेत. समोर दुकान मांडलेलं असतं. एक प्राणी ३ नाण्यांना. दुकानातला माल पसंत नसेल तर १ नाणं देऊन नवा मागवायचा. पलटणीत जास्तीत जास्त पाच प्राणी. एकाच जातीचे तीन जमले की त्यांचा मिळून एक जास्त ताकदीचा प्राणी होतो. प्रत्येकाचा गुण वेगळा. मुंगी बाद होते तेव्हा जाता जाता आपल्या एका सोबत्याला बळ देऊन जाते. म्हणून तिला पुढे ठेवायचं असतं, म्हणजे ती आधी पडेल आणि मागच्याला फायदा होईल. पोराला विचारलं तर हे सगळं तो तोंडपाठ सांगेल.

दहा लढाया जिंकल्या की डाव जिंकला. त्याआधी जीव संपले तर सगळं पुसलं जातं, पुढचा डाव रिकाम्या पाटीवरून. या खेळात फेरीतली उरलेली नाणी पुढे जात नाहीत. त्यामुळे १० नाण्यांत तीन प्राणी आणि एकदा दुकान बदलणं, की दोनच प्राणी आणि चार वेळा बदलणं, हा हिशेब मूल दर फेरीला करतं. बाजाराच्या पिशवीत किती पैसे आणि त्यात काय काय बसवायचं, हा आपला रोजचा हिशेब तो हाच.

याच जातीचा दुसरा खेळ आहे 'टीमफाइट टॅक्टिक्स'. तो तर आपल्या बचत गटाच्या बायकांना लगेच कळेल, कारण त्यात शिल्लक टाकलेल्या नाण्यांवर व्याज मिळतं. दर १० नाण्यांमागे प्रत्येक फेरीला १ नाणं. मात्र व्याज जास्तीत जास्त ५ नाणी, म्हणजे ५० च्या वर कितीही साठवलं तरी जास्त मिळत नाही. मग मुलाला ठरवावं लागतं. सगळं आत्ताच खर्च केलं तर व्याज बुडतं. नुसतं साठवत बसलं तर पलटण कमजोर राहते, लढाया हरतात आणि जीव जातात. आपल्या गटातही पैसे बँकेत नुसते पडून राहिले तर ज्या बाईला बियाण्यासाठी कर्ज हवं तिची वेळ निघून जाते, आणि सगळे वाटून टाकले तर दवाखान्याच्या गरजेला हातात काही उरत नाही. बचत करायची कधी आणि काढायची कधी, हा प्रश्न तोच आहे.

हरणं आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरू करणं हे आपल्याकडे नवीन नाही. सापशिडीचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचं श्रेय संत ज्ञानेश्वरांना देते, ज्यांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तीनाथ यांची समाधी आपल्या त्र्यंबकेश्वरला आहे. पटावर सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप आणि टाकायला कवड्या. वरच्या घराजवळ आलेला माणूसही एका सापानं खाली येतो आणि पुन्हा चढू लागतो. त्या पटानं पोरांना खेळता खेळता हार पचवायला शिकवलं. फरक एवढाच, की मोक्षपटात कवड्या पडतील तसं जायचं, आणि या नव्या खेळात दुकानात काय येईल ते नशीब, पण आलेल्यातून काय निवडायचं ती अक्कल.

मग यात भीतीचं काही नाहीच का? आहे. फक्त ते लढाईत नाही, राक्षसात नाही. पैसा कुठल्या दारानं आत येतो तिकडे बघायचं. दारं तीन आहेत.

पहिलं दार साध्या खरेदीचं. एकदा पैसे देऊन गेम विकत घ्यायचा, किंवा फुकट गेममध्ये जाहिराती बघायच्या, किंवा सोंगटीला नवा पोशाख घ्यायचा. काय मिळणार ते आधी दिसतं. परवडतं की नाही एवढाच प्रश्न. खेळणं विकत घेतल्यासारखंच ते.

दुसरं दार बंद पेटीचं. याला लूट बॉक्स म्हणतात. खरे पैसे द्यायचे, पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब. बेल्जियम देशानं २०१८ साली पैसे घेऊन दिलेल्या अशा पेट्या जुगारातच मोडतात असं ठरवलं. यातली मेख समजण्यासाठी आपली भिशी आठवा. वीस जणींची भिशी असते तेव्हा निघालेली चिठ्ठी डब्यात परत टाकत नाहीत. म्हणून आज नाही तर उद्या, विसाव्या महिन्यापर्यंत प्रत्येकीचा नंबर लागतोच. पेटीत तसं नसतं. तिथे चिठ्ठी काढली की पुन्हा डब्यात जाते. समजा हवी ती वस्तू निघण्याची शक्यता शंभरात एक आहे. मुलाला वाटतं, शंभर पेट्या घेतल्या की नक्की मिळेल. हिशेब मांडला तर असं दिसतं, की शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या तरी त्यातल्या साधारण ३७ जणांना ती वस्तू एकदाही मिळत नाही. काही गेममध्ये ठरावीक पेट्यांनंतर वस्तू देण्याची हमी असते. पण तोवर किती रुपये गेले हे बघायला हवं. "आत्तापर्यंत निघाली नाही, म्हणजे आता निघेलच," हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडून ऐकलं तर कान टवकारा. भिशीत ते खरं असतं, पेटीत नसतं.

तिसरं दार पैसे लावण्याचं. पैसे भरायचे आणि जिंकलो तर पैसे मिळतील या आशेनं खेळायचं. इथे खेळ कुठलाही असो, पत्ते, क्रिकेट की सोंगट्या. यासाठी केंद्र सरकारनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेत तो मंजूर झाला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावण्याचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो चालवायला आणि त्याची जाहिरात करायला या कायद्यानं बंदी घातली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. करमणुकीचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स कायद्यानं वेगळे मानलेत. आणखी एक महत्त्वाचं. शिक्षा धंदा करणाऱ्यांना आहे, नादी लागून खेळणाऱ्याला नाही. म्हणून घरातलं कुणी अडकलं असेल तर पोलीस धरतील या भीतीनं झाकून ठेवू नका. झाकलं की कर्ज वाढतं, आणि फेडायला गटातली बाईच पुढे येते.

आता घरी करायच्या चार गोष्टी सांगते. एक, मुलाशेजारी बसून त्याला एक डाव खेळून दाखवायला सांगा. "हे नाणं खऱ्या पैशानं येतं का? जिंकल्यावर पैसे मिळतात का? पेटीत काय आहे ते आधी दिसतं का?" हे तीन प्रश्न विचारा. या उत्तरांवरून दार कोणतं ते कळेल. दोन, प्ले स्टोअरवर गेमच्या नावापाशी वय लिहिलेलं असतं, ३ पेक्षा जास्त, १२ पेक्षा जास्त, असं. तिथेच ॲपमधून खरेदी होते की नाही तेही लिहिलेलं असतं. ते वाचा. तीन, प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागेल अशी सेटिंग करून ठेवा, आणि यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका. मोबाईल घरात एकच असेल तर हे आधी करा. चार, वेळ ठरवताना 'अर्धा तास' म्हणण्याऐवजी 'दोन डाव' म्हणून बघा. डाव अर्ध्यात तोडला की मूल चिडतं, संपल्यावर ठेवायला सांगितलं की बहुतेक वेळा ऐकतं. मात्र झोप, अभ्यास, जेवण बुडू लागलं तर एक रुपया न घालवणारा खेळही जास्तच झाला असं समजा.

स्वस्तात नाणी देतो म्हणून कुणी लिंक पाठवली आणि खात्यातून पैसे गेले, तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करा. तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची संधी जास्त. खेळाचा नाद सुटत नसेल, घरात कुणी पैसे हरून खचलं असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

त्या अकरावीच्या मुलाचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्याच्या आईनं मोबाईल परत दिला, पण एका अटीवर. आधी मला डाव समजावून सांग. मुंगीला पुढे का ठेवायचं हे आता त्या बैठकीत आम्हालाच सांगतात. आणि शिलाई मशीनचं कर्ज बुडालेल्या ताईंना गटानं हप्ते लहान करून दिले आहेत. त्या फेडत आहेत.

येत्या बैठकीत नोंदी झाल्या की पाच मिनिटं या तीन दारांवर बोला. ज्या घरात तिसरं दार उघडं आहे तिथली बाई पहिल्यांदा गप्पच राहील. तिला चारचौघींत बोलतं करू नका. बैठक सुटल्यावर तिच्यासोबत दोन पावलं चाला.