अँटिव्हायरसची मुदत संपली? नवा घेण्याआधी हे तपासा

संगणक सुरू केला की उजव्या कोपऱ्यात लाल चौकट येते, 'तुमचं संरक्षण संपलं आहे, आजच रिन्यू करा.' काहीजण घाबरून लगेच पैसे भरतात, काहीजण वर्षभर फुली दाबून ती घालवत राहतात. दोन्हीत धोका आहे. पैसे खर्च करण्याआधी आपल्या संगणकावर आत्ता पहारा कोण देतंय, ते पाहून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

चौकट कोणाची?

सूचना खरी असेल तर अँटिव्हायरस उघडल्यावर आतही तीच मुदत दिसते. चौकटीत क्रोम किंवा एजचं आणि एखाद्या अनोळखी वेबसाइटचं नाव असेल, तर ती जाहिरात समजा. कधीतरी चुकून 'अलाऊ' दाबलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन्स'मधून त्या साइटची परवानगी काढून टाका.

पूर्ण स्क्रीन अडवून, भोंगा वाजवत 'या नंबरवर फोन करा' असा मजकूर आला, तर ती सरळसरळ फसवणूक. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. फोन करू नका. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा.

एका दाराला एकच राखणदार

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो, फुकट. दुसरा बसवला की तो बाजूला होतो. अडचण होते ती मुदत संपलेला जुना प्रोग्रॅम तसाच पडून राहिला तर. आणि दोन अँटिव्हायरस एकदम चालवले, तर संरक्षण दुप्पट होत नाही. दोघं एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक रखडतो.

स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडा. कोणता प्रोग्रॅम चालू आहे ते तिथे कळतं. जुना नको असेल तर सेटिंगमधल्या 'ॲप्स'मधून काढा आणि संगणक रीस्टार्ट करा. पूर्ण निघाला नाही, तर त्याच कंपनीच्या अधिकृत साइटवरचं रिमूव्हल टूल वापरा. नंतर डिफेंडर चालू झाला का, हे डोळ्यांनी पाहा. व्हायरसची शंका असेल तर तिथेच 'ऑफलाइन स्कॅन' आहे. संगणक रीस्टार्ट होतो, साधारण १५ मिनिटं लागतात. उघडी कामं आधी सेव्ह करा.

अपडेट होत नाही?

आधी तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. मग सुरक्षित साइटही उघडत नाहीत आणि अपडेटही अडतं. लोक अँटिव्हायरस बदलतात, खरं तर सेल बदलायचा असतो! तारीख ठीक असेल तर सी ड्राइव्हमध्ये जागा उरली आहे का, ते तपासा.

विकतचा कधी घ्यावा?

नेट बघणं, टायपिंग, बिलं भरणं एवढंच असेल तर अपडेट असलेला डिफेंडर बहुतेक घरांना पुरतो. मुलांच्या वापरावर मर्यादा हवी असेल किंवा अडचणीला फोनवर मदत हवी असेल, तर विकतचा घ्या. पुण्याच्या क्विक हीलसह बरेच पर्याय आहेत. घेताना किती संगणकांना चालतो, दुसऱ्या वर्षी रिन्यूअलला किती पडतात आणि पैसे आपोआप कापले जातात का, एवढं विचारा. पक्कं बिल घ्या. 'क्रॅक' केलेली प्रत अजिबात नको. तिच्यातूनच व्हायरस येऊ शकतो. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्थांच्या चाचण्यांचे निकाल नेटवर फुकट बघता येतात.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सिस्टीममध्येच राहिलेली भोकं कुठलाही अँटिव्हायरस पूर्ण बुजवू शकत नाही. संगणक विंडोज ११ ला चालतो का, हे आधी पाहा.

आणि ओटीपी आपणच सांगितला, तर कोणतंही सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही. पैसे गेलेच तर बँकेला कळवा आणि लगेच १९३० ला फोन लावा. बेळगाव असो, पणजी असो की कोल्हापूर, हा नंबर देशभर एकच आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.