गणिताच्या भीतीने सायन्स सोडू नका

मोखाड्यात घरोघर गेलो की बाया अंगावरून पांढरं जातं हे आम्हाला चुलीपाशी, हळू आवाजात सांगतात. पुरुष डॉक्टरपुढे मात्र गप्प. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 बायांची तपासणी केली. शंभरातल्या 92 जणींना स्त्रीरोग निघाले. आधी तपासणी झालेल्या जेमतेम 8. 1989 साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. बाई डॉक्टरने विचारलं, म्हणूनच बाया बोलल्या, असं आम्हाला वाटतं.

आपल्या मुली दहावीनंतर गणिताच्या धास्तीने आर्ट्सला जातात. पण नीटला गणित नसतंच! भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवं, बी.एस्सी. नर्सिंगलाही तेच. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत भरा. निकालानंतरची धावपळ आम्ही पाहिली आहे.