कर्करोग, श्रद्धा आणि दिनचर्या

मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून कर्करोगावर उपचार होत आहेत. परगावाहून येणाऱ्या अनेक रुग्णांचा मुक्काम दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत असतो. उपचार महिनोन्‌महिने चालतात. या काळात नामस्मरणाने, पोथीवाचनाने मनास धीर येत असेल, तर त्यास आडकाठी करण्याचे कारण नाही. नवस फेडण्यासाठी किरणोपचाराची ठरलेली पाळी चुकविणे मात्र घातक होय.

खरा प्रश्न उपवासाचा आहे. रसायनोपचार चालू असता शरीरास प्रथिनांची गरज वाढते आणि साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. खिचडीत दाण्याच्या कुटाचा काय तो आधार. आजाऱ्यास उपवासातून सूट हिंदू परंपरेने दिली आहे, तशीच ती रमजानच्या रोज्यातही आहे. हे डॉक्टरांनी सांगण्यापेक्षा घरातील वडीलधाऱ्यांनी किंवा गावच्या कीर्तनकारांनी सांगितले तर रुग्णास अधिक पटते व व्रत मोडल्याची टोचणी राहत नाही.

रसायनोपचारामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून तीर्थ घ्यावयाचे ते उकळून थंड केलेल्या पाण्याचे असावे. तोंड आल्यास मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात. मिश्री अर्थातच कायमची बंद. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर अंगारा लावून सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.