दोष दुकानातला, नाव आपलं
धंदा आणि संवाद : लेखांक ९

बाजारात नाव कसं कमवायचं, याबद्दल गेल्या काही लेखांकांत आपण बोललो. कमावलेलं नाव एका दुपारीत पणाला लागतं, तेव्हा काय करायचं, हा आजचा विषय. उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे.

ऑक्टोबर २००३. दिवाळी तोंडावर आली होती आणि मुंबईत काही ग्राहकांना कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. तक्रारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे गेल्या. पुण्याजवळच्या कारखान्यात तयार झालेला माल जप्त झाला. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी विषय उचलून धरला. दिवाळीत मिठाईबरोबर चॉकलेटचे डबे द्यायची पद्धत तेव्हा रुळू लागली होती, म्हणजे ऐन कमाईचा हंगाम. एरवी ज्या दिवसांत विक्री चढायची, त्याच दिवसांत ती सुमारे ३० टक्क्यांनी घसरली.

कंपनीचं पहिलं म्हणणं असं होतं की कारखान्यात असं घडूच शकत नाही, दुकानदार माल नीट साठवत नाहीत. यात तथ्य होतं. किराणा दुकानात चॉकलेटची खोकी धान्याच्या पोत्यांना टेकून ठेवलेली असतात, आणि धान्यातल्या किडीला वाट सापडायला फार वेळ लागत नाही. पण प्रशासनाने उलट विचारलं, मग तुमच्या वेष्टनाचं काय? तो प्रश्न रास्त होता. जुन्या वडीला आत नुसती दुमडलेली चांदी आणि वरून कागद. दुमडलेल्या कडेला फट राहतेच.

माझ्या मते त्या पहिल्या निवेदनाचं खरं नुकसान वेगळ्याच जागी झालं. ग्राहकाला साठवणुकीची साखळी ठाऊक नसते. त्याने पैसे मोजले ते वेष्टनावरचं नाव वाचून, त्यामुळे दोष कुणाचाही असो, जाब त्या नावालाच विचारला जातो. दुसरं म्हणजे ज्या दुकानदाराकडे बोट दाखवलं, तोच रोज गल्ल्यावर उभा असतो. आई मुलाला घेऊन येते आणि विचारते, ‘काय हो, आता घ्यायला हरकत नाही ना?’ त्या क्षणी कंपनीचा कुणीही माणूस तिथे नसतो. दुकानदार काय म्हणतो, त्यावर ती वडी पिशवीत जाते किंवा बरणीत परत जाते. ज्याला तुम्ही आदल्या दिवशी पेपरातून दोषी ठरवलंत, तो तुमची बाजू कशाला घेईल?

कंपनीने हे ओळखलं, आणि इथून पुढचं काम शिकण्यासारखं आहे. ‘विश्वास’ नावाची मोहीम काढून सुमारे १ लाख ९० हजार दुकानांपर्यंत माणसं पाठवली. माल कसा ठेवायचा ते समजावलं, साठवणूक सुधारायला मदत केली. टीव्हीवरच्या जाहिराती काही आठवडे बंद ठेवल्या. जानेवारी २००४ मध्ये नवं वेष्टन आलं. आतली चांदी आता उष्णतेने चिकटवून बंद केलेली, तिच्यावर आणखी एक आवरण. यंत्रांवर खर्च झाला, प्रत्येक वडीचं वेष्टन महागलं, तरी किंमत वाढवली नाही. जाहिरातीत अमिताभ बच्चन आले ते या टप्प्यावर. पुढच्या काही महिन्यांत विक्री सावरली.

लोकांच्या लक्षात अमिताभच राहिले. मोठा चेहरा आणला की निभावतं, असा धडा त्यातून अनेक जण घेतात, तो मला घातक वाटतो. वेष्टन बदललं नसतं तर त्या चेहऱ्याला सांगायला काय होतं? आधी दुरुस्ती, मग जाहिरात, हा क्रम छोट्या धंद्यालाही चुकवता येत नाही.

आता छोट्या धंद्याकडे येऊ. समजा, तुम्ही दिवाळीचा फराळ विकता आणि चकलीला खवट वास येतो अशी तक्रार एका ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोसकट टाकली. हात शिवशिवतात ते असं लिहायला : ‘आम्ही वीस वर्षं दर्जा सांभाळला आहे. काही लोक मुद्दाम बदनामी करत आहेत.’ त्याऐवजी हे लिहा :

‘आमच्या भाजणीच्या चकलीला खवट वास येत असल्याचं एका ग्राहकाने कळवलं आहे. १२ ऑक्टोबर ही तारीख असलेली सगळी पाकिटं आम्ही दुकानांतून परत मागवली आहेत. तुमच्याकडे त्यातलं पाकीट असेल तर खाऊ नका. जिथून घेतलं तिथे द्या, बिल नसलं तरी पैसे परत मिळतील. नमुना तपासणीला दिला आहे. काय निघालं ते याच ग्रुपवर सांगू.’ खाली मालकाचं नाव आणि मालक स्वतः उचलेल असा फोन नंबर.

यात कुठेही गुन्ह्याची कबुली नाही, त्यामुळे वकिलाचीही हरकत असायचं कारण नाही. दोष तेलाचा, पाकिटाचा की दुकानातल्या उन्हाचा, ते अजून कळलेलं नाही, म्हणून त्याबद्दल अवाक्षर नाही. वाचणाऱ्याला आपण काय करायचं ते मात्र कळतं, आणि त्याला तेवढंच हवं असतं. ‘सांगू’ म्हटलंत तर सांगा, निकाल तुमच्या विरुद्ध गेला तरी.

हा मजकूर ग्रुपवर टाकण्याआधी दुकानदारांना आणि वितरकाला फोन करा. त्यांना ही बातमी गिऱ्हाइकाकडून कळता कामा नये. तक्रार करणाऱ्या ग्राहकाशीही आधी बोला. शक्य असेल तर घरी जा, पाकीट पाहा, त्यांचं पूर्ण ऐकून घ्या. पोस्ट काढून टाकायची विनंती मात्र करू नका. ती विनंतीही ग्रुपवर येते.

दिवाळीच्या गर्दीत यातलं काहीच सुचत नाही, म्हणून तयारी आत्ताच हवी. दुकानदारांचे नंबर एका कागदावर असू द्या. फोन कोण उचलणार ते ठरवा. आणि प्रत्येक पाकिटावर घाणा कधीचा ते कळेल अशी तारीख किंवा बॅच नंबर ठळक छापा. तो नसेल तर खराब निघालेल्या एका घाण्यासाठी बाजारातला सगळाच माल परत मागवावा लागेल.