एक तार, दोन कामे

घरात फोनची एकच तार येते. तिच्यावर कोणी बोलत असतानाच इंटरनेटही चालते. दोन्हींची सरमिसळ का होत नाही?

बोलण्याला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ वारंवारतेचा पट्टा पुरतो. तांब्याची तार याहून कितीतरी अधिक वाहून नेऊ शकते. एडीएसएल तंत्रात सुमारे २५ ते ११०० किलोहर्ट्झचा रिकामा पट्टा वापरतात. बीएसएनएलने २००५ साली देशात ब्रॉडबँड सेवा सुरू केली. पुढे नांदेड-लातूरच्या घरांतही फोनच्या जुन्याच तारांवरून ती पोचली.

जोडणी करताना बाहेरून आलेली तार आधी स्प्लिटरला जोडायची. त्याच्या एका तोंडाला फोन, दुसऱ्याला राउटर. मग राउटरमध्ये व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ हे वाट सांगणारे आकडे आणि आपले नाव व पासवर्ड भरायचा. डीएसएलचा दिवा स्थिर झाला, म्हणजे एक्स्चेंजशी संपर्क झाला. पासवर्ड चुकला असेल, तर दिवा लागूनही इंटरनेट मिळत नाही.

आम्ही एकदा आतल्या खोलीतला जादा फोन स्प्लिटरच्या आधीच जोडला. रिसीव्हर उचलला की खरखर, आणि इंटरनेट बंद! चूक आमचीच होती.

उच्च वारंवारतेचे संकेत तांब्यात लवकर क्षीण होतात. त्यामुळे एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवरच्या शाळेत राउटर तोच असला तरी वेग कमी. प्रकाशतंतूत ही अडचण फारच थोडी, म्हणून तांबे आता मागे पडत आहे.

अडगळीतला स्प्लिटर वर्गात जरूर उघडून पाहावा. आतली वेटोळी आणि धारित्रे हीच ती चाळणी!