कावीळ 'ब'चा माग काढणारे डॉ. ब्लूमबर्ग

२८ जुलै हा दिवस जगभर हेपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू शोधणाऱ्या डॉ. बारूख ब्लूमबर्ग यांचा तो जन्मदिवस. सरकारी दवाखान्यात बाळ जन्मले की पहिल्याच दिवशी त्याला या काविळीची लस टोचतात. त्या सुईमागे या माणसाचे कष्ट आहेत.

ब्लूमबर्ग यांचा जन्म १९२५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील वकील होते. लहानपणी ज्यू शाळेत त्यांनी हिब्रू भाषा व धर्मग्रंथ शिकले. एक जीव वाचवणे म्हणजे सारे जग वाचवणे, या शिकवणीमुळेच आपण वैद्यकाकडे वळलो, असे ते सांगत.

शिकत असतानाच ते दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेले. तिथे निरनिराळ्या वंशांचे मजूर एकाच परिसरात राहत, पण हत्तीरोगाचे प्रमाण सर्वांत सारखे नव्हते. एकाला रोग होतो, शेजाऱ्याला का होत नाही? या प्रश्नाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. त्यापायी त्यांनी देशोदेशीच्या लोकांच्या रक्ताचे नमुने जमवले.

ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडले. त्याला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' हे नाव मिळाले. पण ते कशाचे, हे कळेना. पुढे १९६६ साली एका रुग्ण मुलाच्या रक्तात, जिथे ते आधी नव्हते, तिथे ते दिसले. तपासले तर मुलाच्या यकृताला सूज! पुढच्या वर्षी प्रयोगशाळेतील एका सहकारी स्त्रीला बरे वाटेना. तिने स्वतःचेच रक्त तपासले आणि त्यात तेच प्रथिन निघाले. कोडे सुटले. १९६९ साली ब्लूमबर्ग व मिलमन यांनी लसीची पद्धत सुचवली, १९७६ साली ब्लूमबर्ग यांना नोबेल मिळाले आणि १९८१ साली अमेरिकेत लसीला मान्यता मिळाली. ही कावीळ मुरली की यकृताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून ही लस कर्करोगही टाळते.

एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण घरात रमणारा. पत्नी जीन चित्रकार होत्या. त्यांना दोन मुली, दोन मुलगे आणि पुढे नऊ नातवंडे. एका गुरांच्या फार्ममध्ये त्यांची भागीदारी होती. दिवसभर शेण उपसले की डोक्याच्या कामाला चांगला उतारा मिळतो, असे ते म्हणत! ५ एप्रिल २०११ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी, एका परिषदेत भाषण करून झाल्यावर त्यांचे निधन झाले.

आपल्याशी त्यांचा आणखी एक धागा आहे. आपल्याकडे काविळीवर भुईआवळी देतात. मद्रासच्या संशोधकांबरोबर ब्लूमबर्ग यांनीही तिचा अभ्यास केला. १९८८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक होते, पण नंतरच्या चाचण्यांत तसा गुण दिसला नाही. तेव्हा भुईआवळीवर किंवा गळ्यातल्या माळेवर भरवसा ठेवून तपासणी टाळू नका. काही काविळी आपोआप बऱ्या होतात आणि श्रेय माळेला जाते. 'ब' मात्र काही जणांच्या शरीरात वर्षानुवर्षे गुपचूप राहते.

ही कावीळ दूषित रक्त, वापरलेली सुई, शरीरसंबंध यांतून आणि आईकडून बाळाला होते. जन्मतः लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत ती कायमची ठाण मांडते. म्हणून गरोदरपणात रक्त तपासून घ्या. बाळाला २४ तासांच्या आत पहिला डोस आणि सहा, दहा व चौदा आठवड्यांना पुढचे डोस द्या. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतात. मोठ्यांनाही ही लस घेता येते. इंजेक्शन घेताना सुई नवी आहे ना, हे विचारायला लाजू नका.

घरात नुकतेच बाळ आले असेल, तर त्याचे लसीकरणाचे कार्ड आजच काढून पाहा. डॉ. ब्लूमबर्ग यांची आठवण ठेवण्याचा याहून चांगला मार्ग नाही.